एका गोलाचे आयुष्य

दर चार वर्षांनी विश्वचषक फुटबॉलचा मोसम जवळ आला की अमेरिकेत एक जुना प्रश्न नव्याने उगाळला जातो. स्पर्धेच्या महिनाभरात ज्या खेळासाठी तेथील लक्षावधी लोक दूरचित्रवाणीसमोर ठाण मांडून बसतात, त्या खेळाकडे स्पर्धा संपल्यानंतर ते ढुंकून तरी पाहतात काय? आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्यालाच अमेरिकन माणूस सॉकर म्हणतो, कारण फुटबॉल हे नाव त्याने हाताने खेळावयाच्या एका दांडगट खेळाला देऊन टाकले आहे. नावाचीच जेथे ही अवस्था, तेथे खेळाच्या लोकप्रियतेविषयी शंका निघावी यात नवल नाही. जत्रेत गर्दी जमते, दुकाने लागतात, पाळणे फिरतात आणि आठवड्याने तेथे नुसते माळरान उरते. आठवडी बाजाराची गोष्ट वेगळी. तेथे गर्दी बेताचीच असते, पण ती पुढच्या आठवड्यातही येते. अमेरिकेतील सॉकर ही जत्रा की बाजार, हा खरा वाद आहे.

या वादात प्रेक्षकांचे आकडे दोन्ही पक्ष फेकतात आणि दोन्ही पक्षांना ते पुरतात. त्यापेक्षा खेळणाऱ्याच्या पोटापाण्याकडे पाहिले तर उत्तर लवकर सापडण्याचा संभव अधिक. त्या दृष्टीने जो गेटजेन्स या माणसाचे आयुष्य तपासून पाहण्यासारखे आहे. विश्वचषकाच्या इतिहासातील सर्वांत अनपेक्षित मानला जाणारा गोल त्याच्या नावावर आहे. तो गोल त्याने अमेरिकेसाठी केला आणि अमेरिकेला त्याचा पत्ताही लागला नाही.

जोसेफ एदुआर गेटजेन्स याचा जन्म १९ मार्च १९२४ रोजी हैतीची राजधानी पोर्त-ओ-प्रिन्स येथे झाला. आडनाव जर्मन वळणाचे. त्याचा एक पूर्वज जर्मनीतील ब्रेमेनहून व्यापारासाठी हैतीत येऊन तेथलाच झाला होता. घराणे प्रतिष्ठित होते. मात्र प्रतिष्ठेच्या मानाने पैसा नव्हता. मुलाला चेंडूचे वेड. चौदाव्या वर्षी तो एत्वाल हाइतियेन या तेथील नामांकित संघात दाखल झाला आणि १९४२ व १९४४ साली त्या संघाने देशाचे अजिंक्यपद मिळविले. पण हैतीत फुटबॉल खेळून कोणाची चूल पेटत नव्हती. म्हणून १९४७ साली सरकारी शिष्यवृत्ती घेऊन तो न्यूयॉर्कला गेला. जायचे कारण कोलंबिया विद्यापीठात हिशेबशास्त्र शिकण्याचे. हे वाचून आपल्याकडील अनेक पालकांना त्याच्या वडिलांविषयी आपुलकी वाटेल.

न्यूयॉर्कमध्ये त्याला ब्रुकहॅटन नावाचा संघ भेटला. अमेरिकन सॉकर लीग नावाच्या स्पर्धामालिकेत तो खेळत असे. या लीगचे खेळाडू व प्रेक्षक मुख्यतः स्थलांतरित. स्कॉटिश, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, ज्यू अशा वस्त्यांतील माणसे रविवारी मैदानावर जमत, आपापल्या भाषेत ओरडत आणि सोमवारी कामावर जात. खेळाडूला सामन्यामागे मोजके डॉलर मिळत. तेवढ्यावर न्यूयॉर्कमध्ये भागणे शक्य नव्हते; म्हणून गेटजेन्स संघमालकाच्याच हॉटेलात भांडी घासत असे. सकाळी हिशेबशास्त्र, संध्याकाळी भांडी, रविवारी गोल, असा त्याचा क्रम होता. १९४९-५० च्या हंगामात १५ सामन्यांत १८ गोल करून तो लीगमध्ये पहिला आला. ब्राझीलला जाणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय संघात त्याची निवड झाली ती या जोरावर. तो अमेरिकेचा नागरिक नव्हता, पुढेही झाला नाही. नागरिक होण्याचा इरादा जाहीर करणे त्या काळी अमेरिकी संघटनेला पुरेसे वाटे.

१९५० च्या त्या स्पर्धेशी भारताचाही एक चुकलेला संबंध आहे. आशियातील प्रतिस्पर्ध्यांनी माघार घेतल्यामुळे भारताला ब्राझीलची जागा आयती मिळाली होती, आणि भारतीय संघ गेला नाही. अनवाणी खेळण्यास परवानगी नाकारल्यामुळे आपण गेलो नाही, अशी एक गोष्ट आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ती सांगण्यास सोयीची असल्यामुळेच टिकली असावी. त्या वेळच्या पदाधिकाऱ्यांना ऑलिंपिकपुढे विश्वचषकाचे महत्त्व वाटत नव्हते, हे अधिक संभवनीय कारण आहे. महत्त्व वाटत नसलेल्या अमेरिकेने निदान संघ तरी पाठविला, एवढाच काय तो फरक.

तो संघ कसा होता? गोलरक्षक फ्रँक बोर्गी हा सेंट लुईस शहरात अंत्यविधी करणाऱ्या संस्थेची शववाहिका चालवीत असे. हॅरी कीओ टपालखात्यात होता. वॉल्टर बार हा फिलाडेल्फियाच्या शाळेत शिक्षक. रजा मिळवून जमलेली ही मंडळी. स्पेनविरुद्धच्या पहिल्या सामन्यात शेवटची दहाएक मिनिटे उरेपर्यंत ती एक गोलने पुढे होती, पण अखेर ३-१ अशी हरली. पुढचा सामना २९ जून रोजी बेलो होरिझॉन्ते या गावी इंग्लंडशी होता. फुटबॉलचे नियम लिहिणारा हा देश विश्वचषकात प्रथमच उतरला होता आणि चषक आपलाच अशा खात्रीने उतरला होता. स्टॅन्ले मॅथ्यूजसारखा खेळाडू त्यांनी या सामन्यात विश्रांतीसाठी बाजूला ठेवला, यावरून त्या खात्रीची कल्पना यावी.

सामन्याच्या पहिल्या अर्ध्या तासात इंग्लंडने गोलवर हल्ल्यांचा भडिमार केला. काही चेंडू खांबांना लागले, काही बोर्गीने अडविले. अडतिसाव्या मिनिटाच्या सुमारास शिक्षक बारने लांबून चेंडू मारला. इंग्लंडचा गोलरक्षक बर्ट विल्यम्स तो पकडण्यासाठी उजवीकडे झेपावला, तोच गर्दीतून गेटजेन्सने अंग झोकून दिले. चेंडू त्याच्या डोक्याला चाटून दिशा बदलून जाळ्यात गेला. तो योगायोगाने लागला की हेतुपूर्वक लावला, यावर पुढे इंग्लिश मंडळींनी बराच काथ्याकूट केला. त्याच्या सोबत्यांना मात्र शंका नव्हती. अशक्य वाटणाऱ्या चेंडूवर उडी घेणे हीच त्याची खासियत असल्याचे ते सांगत. उरलेला जवळजवळ तासभर अमेरिकेने तो एक गोल जपला. सामना संपताच ब्राझिलियन प्रेक्षक मैदानात घुसले आणि त्यांनी या हैतियन विद्यार्थ्याला खांद्यावर घेऊन नाचविले.

त्या दिवशी मैदानावर एकच अमेरिकन वार्ताहर होता. सेंट लुईसचा डेंट मॅकस्किमिंग हा पत्रकार स्वतःची सुट्टी आणि स्वतःचे पैसे खर्चून ब्राझीलला गेला होता, कारण त्याच्या वृत्तपत्राला त्या प्रवासावर खर्च करणे आवश्यक वाटले नाही. अमेरिकेत बातमी आली ती कोपऱ्यात, काही ओळींची. इंग्लंडच्या वृत्तपत्रांनी निकाल छपाईची चूक समजून दहा-एक असा छापला, ही कथाही पुष्कळदा ऐकू येते. तिला पुरावा सापडत नाही. तीन दिवसांनी चिलीने अमेरिकेला ५-२ असे हरविले आणि संघ घरी परतला. स्वागताला वाजंत्री नव्हती. शिक्षक शाळेत गेला, टपालवाला टपालात गेला, शववाहिकेचा चालक शववाहिकेवर गेला. अमेरिकेचा संघ पुन्हा विश्वचषकात दिसला तो १९९० साली. मध्ये ४० वर्षे गेली.

एवढा मोठा पराक्रम असा विरून का जावा? अमेरिकन माणसाला हा खेळ मुळातच मानवत नाही, असे उत्तर देण्याची प्रथा आहे. ते उत्तर इतिहासाला धरून नाही. १९३० च्या पहिल्या विश्वचषकात अमेरिकेने बेल्जियम व पराग्वे यांना प्रत्येकी तीन गोलांनी हरवून उपांत्य फेरी गाठली होती. त्या यशामागे एक व्यवस्था होती. मॅसॅच्युसेट्समधील फॉल रिव्हर या कापडगिरण्यांच्या गावी आणि पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेम या पोलादाच्या गावी कामगारांचे संघ होते. त्यांच्यासाठी स्कॉटलंडमधून चांगले खेळाडू आणले जात. खेळाडूला कारखान्यात नोकरी मिळे आणि मैदानावर वेगळा मोबदला. हे पैसे इतके बरे असत की स्कॉटलंडमधील क्लब तक्रार करीत. या पायावर १९२१ साली उभी राहिलेली लीग १९३३ पर्यंत मोडून पडली. संघटकांच्या आपसांतील भांडणाने तिला तडा दिला आणि पाठोपाठ आलेल्या महामंदीने ती संपविली. गिरणी बंद पडली की संघ गेला, संघ गेला की मैदान गेले. लोकांची आवड आटली म्हणून खेळ मेला असे घडले नाही. खेळणाऱ्याला पोसणारा पैसा आटला. गेटजेन्स ज्या लीगमध्ये खेळला ती याच नावाची, त्या पडझडीनंतर पुन्हा मांडलेली, पण फार गरीब अशी दुसरी लीग होती.

अशा स्थितीत एका गोलाने काय साधणार होते? वस्तूची जाहिरात झाली, पण वस्तू मिळणारे दुकानच गावात नाही, असा तो प्रकार होता. ज्याला तो गोल पाहून उत्साह वाटला असता त्या अमेरिकन मुलाने पुढच्या रविवारी कोठे जावयाचे होते? आणि ज्याने गोल केला त्याने तरी कोठे जावयाचे होते? गेटजेन्सपुढे पुन्हा भांडी घासणे हाच मार्ग होता. तो त्याने पत्करला नाही आणि फ्रान्सची वाट धरली. तेथे रेसिंग क्लब द पॅरिस व नंतर आलेस या संघांकडून तो खेळला, पण दुखापतींनी त्याचा जम बसू दिला नाही. अमेरिकेसाठी तो एकूण तीन सामने खेळला. तिन्ही त्या विश्वचषकातले, आणि तिन्ही मिळून आठवडाभरात आटोपलेले.

१९५३ च्या अखेरीस तो हैतीत होता. तेथे मात्र लोकांना बेलो होरिझॉन्ते ठाऊक होते. अमेरिकेसाठी केलेल्या गोलाचा सत्कार असा हैतीने केला. मेक्सिकोविरुद्ध विश्वचषकाच्या पात्रता सामन्यात तो आपल्या जन्मभूमीकडून खेळला, हैती हरली. त्यानंतर त्याने लग्न केले, कपडे धुण्याचा व इस्त्रीचा व्यवसाय काढला, मुलांना फुटबॉल शिकविला. तीन मुलगे झाले. एखाद्या मध्यमवर्गीय माणसाच्या आयुष्याला याहून अधिक स्थैर्य काय लागते?

पण ते स्थैर्य राजकारणाला मान्य नव्हते. १९५७ च्या निवडणुकीत गेटजेन्स कुटुंब लुई देज्वा या उमेदवाराच्या बाजूचे होते. निवडून आला फ्रान्स्वा दुव्हालिए. पेशाने डॉक्टर असलेला हा गृहस्थ पाहता पाहता हुकूमशहा झाला आणि तोंतों माकूत या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खाजगी टोळ्यांच्या बळावर त्याने देशाला वेठीस धरले. १९६४ च्या जूनमध्ये त्याने स्वतःला तहहयात अध्यक्ष करून घेतले. गेटजेन्सचे धाकटे भाऊ देशाबाहेरील विरोधकांना मिळाले होते, म्हणून कुटुंबातील बहुतेक माणसे परागंदा झाली. जो मागे राहिला. राजकारणात त्याला कधीच रस नव्हता, आणि ज्याला राजकारणात रस नाही त्याला राजकारण हात लावीत नाही, अशी त्याची समजूत होती. ८ जुलै १९६४ रोजी सकाळी त्याच्या दुकानातून त्याला उचलण्यात आले. फोर्ट दिमांश नावाच्या तुरुंगात त्याला नेले. तेथून जिवंत परतणारे थोडे. त्याच महिन्यात त्याला ठार करण्यात आले असे मानले जाते. प्रेत कोणाच्या हाती लागले नाही. मृत्यूसमयी त्याचे वय ४० होते.

अमेरिकेत तोवर सॉकरची पुढची जत्रा भरण्याची वेळ आली होती. १९६६ साली इंग्लंडने विश्वचषक जिंकला. त्या संघाचा प्रशिक्षक आल्फ रॅम्से हा बेलो होरिझॉन्तेच्या पराभूत अकरा जणांपैकी एक. तो अंतिम सामना अमेरिकेत दूरचित्रवाणीवर दिसला आणि तेथील भांडवलदारांना एक नवा धंदा दिसला. १९६८ साली नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग सुरू झाली ती १७ संघांनिशी. पुढच्याच वर्षी पाच उरले. १९७५ साली न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघाने पेलेला आणले. १९७७ च्या ऑगस्टमध्ये एका सामन्याला ७७,६९१ प्रेक्षक जमले. पुढच्या वर्षी संघांची संख्या २४ वर गेली. सर्वांना पेले हवा होता, आणि पेले एकच होता. त्याच्याऐवजी जे उतारवयातील तारे आणले गेले त्यांच्या मानधनाखाली एकेक संघ बुडाला. १९८४ मध्ये नऊ संघ उरले आणि १९८५ मध्ये लीग बंद पडली.

या धामधुमीत गेटजेन्सला चेंडू पुरविणाऱ्या शिक्षक बारच्या घरात काय घडले, हे पाहणे मोठे उद्‌बोधक आहे. त्याचे तीन मुलगे या नव्या लीगमध्ये खेळले. त्यांपैकी ख्रिस आणि मॅट हे दोघे लवकरच सॉकर सोडून अमेरिकन फुटबॉलकडे वळले. तेथे खांबांमधून चेंडू लाथाडणारा एक खास खेळाडू लागतो. वडिलांनी शिकविलेली लाथ मुलांनी दुसऱ्या खेळाला विकली आणि त्या खेळाच्या सर्वोच्च स्पर्धेत दोघांनीही दोन-दोनदा विजेतेपद मिळविले. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. ज्या बाजारात मालाला भाव आहे तेथे माल जातो, आणि कसबाचीही गोष्ट तीच.

गेटजेन्सचे नाव अमेरिकन सॉकरच्या सन्मान-यादीत १९७६ साली घालण्यात आले. पेलेमुळे देशात या खेळाला बरे दिवस आल्याचा भास त्या वर्षी होता, आणि गेटजेन्स बेपत्ता होऊन बारा वर्षे झाली होती.

मग आज या प्रश्नाचे उत्तर काय द्यावे? १९८८ साली विश्वचषकाचे यजमानपद अमेरिकेला देताना आंतरराष्ट्रीय महासंघाने देशात पहिल्या दर्जाची लीग उभारण्याची अट घातली. एरवी कागदावर राहतात तशी ही अट राहिली नाही. १९९४ ची स्पर्धा प्रेक्षकांच्या दृष्टीने विक्रमी ठरली. सामन्यामागे सरासरी जवळजवळ ६९,००० माणसे आली. स्पर्धेच्या शिलकीतून खेळाच्या प्रसारासाठी एक प्रतिष्ठान निघाले आणि १९९६ साली मेजर लीग सॉकर सुरू झाली. पहिल्या वर्षी साडेसतरा हजारांच्या घरात असलेली सरासरी उपस्थिती २००० पर्यंत चौदा हजारांच्याही खाली गेली. २००१ च्या हंगामानंतर दोन संघ मोडीत निघाले. आता हेही गेले असे म्हणणाऱ्यांची कमतरता नव्हती. गंमत अशी की लीगची ही दैना असतानाच २००२ मध्ये अमेरिकन संघाने उपांत्यपूर्व फेरी गाठली. तेव्हा देशात दहाच संघ होते आणि त्यांतील बहुतेक तीन धनिकांच्या पदरी होते.

लीग वाचली ती त्या विजयामुळे नव्हे. लामार हंट या तेल-उद्योगातील धनिकाने १९९९ साली कोलंबस शहरात केवळ सॉकरसाठी साडेबावीस हजार माणसांचे मैदान बांधले होते. ऐंशी हजारांच्या भाड्याच्या मैदानात पंधरा हजार माणसे विखुरलेली दिसतात आणि भाडे मात्र पुरे भरावे लागते. आपल्या मापाच्या, आपल्या मालकीच्या मैदानात तीच पंधरा हजार माणसे गर्दी वाटतात आणि उपाहारगृहाचा, वाहनतळाचा पैसाही संघाकडे येतो. ही साधी गोष्ट कळण्यास अमेरिकेसारख्या व्यवहारी देशाला जवळजवळ तीस वर्षे लागली. हंटचे पाहून इतरांनी मैदाने बांधली, खेळाडूंच्या वेतनावर मर्यादा ठेवली, तोटा सर्वांनी मिळून सोसला. २०२५ साली या लीगमध्ये ३० संघ होते, आणि त्याआधीच्या वर्षी सरासरी उपस्थिती २३ हजारांच्या आसपास होती. महिलांच्या खेळाचा अनुभव याला दुजोराच देतो. १९९९ च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला ९०,१८५ प्रेक्षक होते. त्या उत्साहावर विसंबून २००१ मध्ये निघालेली महिलांची लीग २००३ मध्ये, पुढची विश्वचषक स्पर्धा अवघ्या पाच दिवसांवर असताना, पैशाअभावी बंद पडली.

लोकप्रियता टिकली आहे, असे तेव्हा आज म्हणता येते. पण स्पर्धेने ती टिकविली, असे म्हणता येत नाही. शिवाय टिकविणाऱ्यांत मोठा वाटा अजूनही स्थलांतरितांचाच आहे. मेक्सिकोतील लीगचे सामने अमेरिकेतील मेक्सिकन घरांतून जेवढ्या आस्थेने पाहिले जातात तेवढे अमेरिकेतील लीगचेही पाहिले जात नाहीत. ब्रुकहॅटनच्या मैदानाभोवती रविवारी आपापल्या भाषेत ओरडणारी माणसे या देशातील सॉकरची खरी मालक होती, हे मान्य करायला तेथील क्रीडासंघटकांना फार वेळ लागला.

त्या माणसांपुढे दार मात्र नेहमी उघडे असतेच असे नाही. २०२६ चा विश्वचषक अमेरिका, कॅनडा व मेक्सिको यांना मिळून देण्यात आला. १९७४ नंतर प्रथमच हैतीने नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यात जागा मिळविली. देशातील हिंसाचारामुळे स्वगृहीचे म्हणून नेमलेले पात्रता सामने हैतीला क्युरासाओ बेटावर खेळावे लागले होते, त्यामुळे पोर्त-ओ-प्रिन्सच्या प्रेक्षकांना त्यांतील एकही मैदानावरून पाहता आला नाही. त्याच वर्षीच्या जूनमध्ये अमेरिकेने हैतीच्या नागरिकांना प्रवेशबंदी केली. विश्वचषकाचे खेळाडू व प्रशिक्षक यांना त्यातून वगळण्यात आले; प्रेक्षकांना वगळण्यात आले नाही. डिसेंबरमध्ये स्पर्धेची विभागणी जाहीर झाली तेव्हा हैतीच्या गटात ब्राझील, मोरोक्को आणि स्कॉटलंड हे संघ आले, आणि ब्राझीलविरुद्धच्या सामन्यासाठी वॉल्टर बारचे गाव फिलाडेल्फिया ठरले.